जादूगाराचा कफील

विभावरी रेडकर रियाधला ओलाया भागातल्या एका बँकेत जोखीम खात्यात होती. कुणाला किती कर्ज द्यावं याची मर्यादा सुचवायची, हे तिचं काम. ती मर्यादा सुचवायची, वरचे साहेब मान डोलवायचे आणि ज्याला द्यायचं ठरलेलं असायचं त्याला देऊन टाकायचे. त्यामुळे शुक्रवारी दुपारच्या चहानंतर तिच्या हातात जी सत्ता यायची, तिची किंमत तिला चांगली ठाऊक होती.

ही सत्ता एका खेळातली होती. टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं: कुणी योद्धा, कुणी वैद्यीण, कुणी तीरंदाज. एकाने सूत्रधार व्हायचं. समोर गुहा आहे, गुहेत कोण आहे, राजा काय म्हणतो, हे सगळं सूत्रधाराने सांगायचं आणि बाकीच्यांनी "मी अमुक करतो" म्हणायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. विभावरीला हा खेळ शिकवला तिच्या बँकेतल्या फहादने. तो शिकायला कॅनडात होता, तिकडून हे घेऊन आला. सुरुवातीला सूत्रधार तोच होता, पण भिडस्त स्वभावामुळे तो कुणालाच हरू द्यायचा नाही. शेवटी एकदा म्हणाला, "विभा, तूच चालव. लोकांना नाही म्हणायचाच तर तुला पगार मिळतो."

खेळायला एकूण चौघे. फहाद तीरंदाज झाला. खालच्या मजल्यावरचा लखनौचा दंतवैद्य तल्हा योद्धा झाला. त्याची बायको अफशाँ भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, ती वैद्यीण झाली. आणि विभावरीचा नवरा रूपेश जादूगार झाला. तो एका सल्लागार कंपनीत होता, म्हणजे बोलण्याचे पैसे मिळवणारा माणूस. जादूगारच का, असं विचारलं तर म्हणाला, "बाकीच्यांना हाताने काम करावं लागतं."

त्याने जादूगाराचं नाव ठेवलं प्रचंडभैरव. बाहेर मात्र या पात्राला सगळे 'मुहंदिस' म्हणायचे, इंजिनियर. ते फहादने ठरवलं होतं. जादूटोणा हा गुन्हा असलेल्या देशात बँकेच्या लिफ्टमध्ये "काल आपल्या जादूगाराने काय केलं" असं मोठ्याने बोलणं बरं नव्हे, आणि त्याच्या आईला तर तो शुक्रवारी बिझनेस स्ट्रॅटेजीचा अभ्यास करतो असंच माहीत होतं. रूपेश मुळात सिव्हिल इंजिनियर, त्यामुळे त्याला ही पदवी पटली.

पहिले काही महिने प्रचंडभैरवाची अवस्था केविलवाणी होती. या खेळाची रीतच तशी असते. जादूगार सुरुवातीला कच्चा. दिवसातून दोन फुटकळ मंत्र, ते संपले की दगड मारायचे. एकदा तर त्याला एका बोकडाने ढुशी देऊन ओढ्यात पाडलं. तल्हाच्या योद्ध्याने त्याला खांद्यावर टाकून आणलं. अफशाँने जखमा बांधल्या. विभावरीला दया आली आणि पुढच्याच खेपेला तिने एका पडक्या मठात त्याला एक जुनी काठी सापडू दिली. काठीत थोडी शक्ती होती. थोडीच.

नवऱ्याला दिलेली सवलत परत घेता येत नाही, हे तिला वीस वर्षांच्या संसारानंतर माहीत असायला हवं होतं.

पात्रं अनुभवाने वाढतात. योद्धा वाढला की त्याची तलवार जरा जोरात लागते. जादूगार वाढला की त्याला उडता येतं, अदृश्य होता येतं, एका मंत्रात वीस माणसं झोपवता येतात. वर्ष उलटलं तेव्हा खेळ असा व्हायला लागला: विभावरी दरोडेखोरांची टोळी समोर आणायची, तल्हा बाह्या सरसावून फासा उचलायचा, आणि तेवढ्यात रूपेश म्हणायचा, "अग्निगोळा." टोळी खलास. अफशाँला बांधायला जखमा उरायच्या नाहीत, कारण कुणाला लागायचंच नाही. फहादने बाण मोजणं सोडून दिलं.

एका शुक्रवारी त्यांच्यापुढे एक खोल दरी होती. पलीकडे कसं जायचं यावर तल्हा बराच वेळ बोलत होता. दोर, झाड, गाठ कुठली मारायची, आधी कोण जाणार. दाढ काढण्यापूर्वी पेशंटला समजावतो तसं त्याने सगळं मन लावून सांगितलं. सांगून झाल्यावर रूपेश म्हणाला, "छान आहे. पण मी सगळ्यांना उडवूनच नेतो ना." आणि नेलंही.

तल्हाने पुढचा खेळ मोबाईल बघत काढला. निघताना दारात चपला घालता घालता तो हसून म्हणाला, "भाभी, मैं तो बस इनका सामान उठाता हूँ." पुढच्या शुक्रवारी त्याला अचानक पेशंट निघाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही निघाला. खालच्या मजल्यावरून त्याच्या टीव्हीचा आवाज येत होता.

विभावरीची लेक ईशा फ्रिजमधून दही काढताना म्हणाली, "ममा, पप्पाज मुहंदिस इज ओव्हरपॉवर्ड, दॅट्स ऑल." आणि दही घेऊन खोलीत गेली. चौदाव्या वर्षी माणसाला सगळं एवढं सोपं दिसतं.

तोल सावरायला हवा होता. विभावरीने आधी साधा उपाय केला: मोठा मंत्र म्हटला की जादूगाराला थकवा येणार. रूपेशने ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात लॅपटॉप टीव्हीला जोडून एक सादरीकरण दाखवलं. 'थकव्याच्या नियमाचा संघाच्या एकूण उत्पादकतेवर परिणाम'. त्यात आलेख होते. फहादने सवयीने दोन प्रश्न विचारले. नियम बारगळला.

मग तिने लोखंडी राक्षस आणले. त्यांच्यावर कुठलीच जादू चालत नव्हती. रूपेश म्हणाला, "राक्षसांवर नको चालू दे. छतावर चालते ना?" आणि छत पाडलं.

मग तिने संकटं वाढवली. एका दिवसात एका लढाईऐवजी पाच, म्हणजे मंत्र पुरणार नाहीत आणि तलवारीला काम मिळेल. जादूगाराचे मंत्र रात्रभर झोपल्यावर परत येतात असा नियम होता. पहिल्या लढाईत रूपेशने सगळे मंत्र वापरून टाकले आणि म्हणाला, "आता झोपू या."

"सकाळचे दहा वाजलेत," विभावरी म्हणाली.

"दार लावून घेऊ."

"राजकन्येला पळवून नेतायत."

"म्हणून तर म्हणतो. ताजंतवानं होऊनच गेलेलं बरं."

तर राजकन्येला पळवून नेत असताना चौघे वीर सकाळी दहा वाजता एका गोठ्यात झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच. राजकन्या शेवटी स्वतःच सुटून घरी आली, कारण विभावरीला तिच्यापुढे लाज वाटायला लागली होती.

पुढची कल्पना तिला सुचली जवाज़ातच्या कचेरीत, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कचेरीत. एका कागदाचं काम अॅपवरून होईना म्हणून ती तिथे टोकन घेऊन बसली होती. त्या शुक्रवारी तिने तल्हाला आग्रहाने बोलावलं. चौघे वीर सोनगड नावाच्या नव्या राज्याच्या वेशीवर पोचले. तिथल्या पहारेकऱ्याने सगळ्यांना सोडलं, प्रचंडभैरवाला थांबवलं.

"परवाना?" पहारेकरी झालेली विभावरी म्हणाली.

"कसला परवाना?"

"या राज्यात जादूगाराला इकामा लागतो, राहण्याचा परवाना. आणि इकाम्याला कफील लागतो. ज्याच्या नावावर तू इथे राहणार तो इथला जबाबदार माणूस. मोठा मंत्र म्हणायचा तर त्याची परवानगी घ्यायची."

फहाद खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. "एवढं मागासलेलं राज्य आहे तरी कुठलं? आमच्याकडे हे सगळं आता अॅपवर होतं."

"सोनगडात अजून अॅप आलेलं नाही," विभावरी म्हणाली. "बोला, कोण होतंय याचा कफील?"

तल्हाने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. "मैं," तो म्हणाला.

तल्हा आयुष्यात कुणाला वरच्या आवाजात बोललेला नव्हता. रियाधला आल्यावर तो ज्या दवाखान्यात लागला, तिथल्या मालकाने त्याचा पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून घेतला होता आणि भावाच्या लग्नाला जायची परवानगी लग्न होऊन गेल्यावर दिली होती. तल्हा हे कधी रागाने सांगायचा नाही. आता मात्र तो असा वागायला लागला, जणू सगळी वर्षं याचीच उजळणी करत होता. सगळ्यात आधी त्याने जादूगाराची काठी जमा करून घेतली. "हिफाज़त के लिए," तो म्हणाला. मग मंत्राची परवानगी हवी तर एक दिवस आधी सांगावं लागेल असं ठरवलं. अर्जंट असेल तर? अर्जंट असेल तर बघू.

पहिले दोन शुक्रवार बहार आली. तल्हाची तलवार चालायला लागली, अफशाँला जखमा मिळाल्या, फहादने एका राक्षसाचा डोळा फोडला. रूपेशने परवानगी मागायची आणि तल्हाने छताकडे बघत विचार करायचा, याला सगळे पोट धरून हसायचे. रूपेशसुद्धा हसला, पहिल्या शुक्रवारी.

तिसऱ्या शुक्रवारी ते एका अजगराच्या तावडीत सापडले. अफशाँची वैद्यीण त्याच्या विळख्यात होती.

"तल्हाभाई, अग्निगोळा टाकू?" रूपेशने विचारलं.

"पिछली बार आपने मुझसे पूछे बग़ैर मशाल जलाई थी," तल्हा म्हणाला.

"अहो, मशाल होती ती!"

"उसूल की बात है."

"तल्हा," अफशाँ म्हणाली, "मी मरतेय."

"एक मिनट, बेगम. हिसाब की बात चल रही है."

अफशाँची वैद्यीण बेशुद्ध पडली. फहादने कसाबसा तिला ओढून बाहेर काढलं. रूपेश उठला, म्हणाला, "प्रचंडभैरव रात्री पळून गेला. कफीलाला न सांगता," आणि बेडरूममध्ये जाऊन त्याने क्रिकेट लावलं. ज्या घरात खेळ चालू होता त्या घराचा मालक खेळातून फरार झाला होता. उरलेल्या तिघांनी सामोसे संपवले आणि लवकर निघाले.

शनिवारी सकाळी विभावरी घावनांचं पीठ भिजवत होती. रूपेश ओट्याशी येऊन उभा राहिला.

"एक साधा अग्निगोळा टाकायला मी त्या तल्हाचं तोंड बघायचं?" तो म्हणाला. "मंत्र माझा, डोकं माझं, आणि परवानगी त्याची? ही काय पद्धत झाली?"

विभावरीने पीठ ढवळणं थांबवलं नाही. "पद्धत अशीच असते."

"तू मुद्दाम केलंस."

"खेळ बसत चालला होता, रूपेश."

"कफीलच का पण? दुसरं काही सुचलं नाही?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. आता उत्तर आपोआप आलं. "बाबांना वेंगुर्ल्याला दवाखान्यात ठेवलं होतं ते आठवतं? मी तेव्हा तुझ्या इकाम्यावर होते."

रूपेशला आठवत होतं. चांगलंच आठवत होतं, कारण तो हा किस्सा पाहुण्यांना सांगायचा. विभावरीला भारतात जायचं तर बाहेर पडून परत येण्याचा व्हिसा कुटुंबप्रमुखाने, म्हणजे त्याने, आपल्या मोबाईलवरून काढायचा होता. तो जुबैलला मीटिंगमध्ये होता. मीटिंगमधून उठून, बाथरूममध्ये उभ्या उभ्या त्याने एक बटण दाबलं आणि बायको इंडियाला! "याला म्हणतात जादू," असा तो किस्सा संपायचा. पाहुणे हसायचे. विभावरी चहा आणायला जायची.

"तू बटण संध्याकाळी दाबलंस," विभावरी म्हणाली. "मी सकाळपासून फोन करत होते. बॅग भरून सोफ्यावर बसले होते. दुपारचं विमान गेलं."

"मी मीटिंगमध्ये होतो गं."

"हो. तू काही वाईट केलंस असं म्हणत नाही मी. तुला एक मिनिट लागलं. मला दिवस लागला."

बोलण्याचे पैसे घेणारा माणूस गप्प झाला की घर एकदम मोठं वाटतं. त्याने तवा गॅसवर ठेवला, तोही चुकीचा, चपात्यांचा. विभावरीने तो बदलला. पहिलं घावन नेहमीप्रमाणे फाटलं, ते त्याने उभ्यानेच खाल्लं आणि म्हणाला, "बाबा तेव्हा काय म्हणाले होते, पोचलीस तेव्हा?"

इतक्या वर्षांत हे त्याने विचारलं नव्हतं.

"म्हणाले, एवढ्या लांबून कशाला आलीस, मी बरा आहे. आणि हात सोडेनात."

दुपारी अफशाँ वर आली, कालचा सामोशांचा डबा घेऊन. तिचं म्हणणं थोडक्यात होतं. "भाभी, वह कफील वाला क़ानून हटा दीजिए. घर में भी इजाज़त बाँटने लगे हैं. मी काल सांगितलं, तुम्ही तुमच्या त्या मालकासारखे झालात, तर रात्रभर जागे होते बिचारे." अफशाँ विभावरीकडून शिकलेलं मराठी मध्येच घालायची. मग दारात थांबून ती म्हणाली, "और एक बात कहूँ? मसला जादू का था ही नहीं. रूपेशभाई की ताक़त से मुझे कोई दिक़्क़त नहीं. वह बस सबसे पहले बोल देते हैं."

विभावरीने दोन दिवस त्यावर विचार केला. बँकेत एका बड्या माणसाच्या कर्जाची मर्यादा सुचवताना, ती मानली जाणार नाही हे माहीत असताना, तिला नियम सापडला.

पुढच्या शुक्रवारी सोनगडच्या राजाने फर्मान काढलं: जादूगारांची कफील पद्धत बंद. "इतनी जल्दी?" तल्हा म्हणाला, पण अफशाँने बघितल्यावर त्याने मुकाट्याने काठी परत केली. प्रचंडभैरव जंगलातून माघारी आला. त्याच्या शक्तीला विभावरीने बोट लावलं नाही. अग्निगोळा तेवढाच, उडणं तसंच. फक्त मोठ्या मंत्राला आता वेळ लागणार होता. जादूगाराने मंत्र सुरू करायचा, टेबलावरच्या पालथ्या कपावर हात ठेवायचा आणि बाकी तिघांची एकेक पाळी होईपर्यंत गप्प बसायचं. मंत्र पुटपुटणारा माणूस गप्पा कशा मारेल? एक शब्द बोलला तर मंत्र वाया.

"एवढंच?" रूपेश म्हणाला. "सोपं आहे."

समोर मिठाच्या खाणीतला दरवाजा होता आणि त्यातून मेलेले सैनिक बाहेर येत होते. रूपेशने कपावर हात ठेवला. फहादने बाण मारला. तल्हाने विचार केला आणि म्हणाला, "मी उजवीकडे जातो."

"अहो, डावीकडे!" रूपेश ओरडला.

मंत्र वाया. विभावरीने कप सुलटा करून त्यात त्याला चहा ओतून दिला. तल्हा उजवीकडे गेला आणि त्याला सपाटून मार बसला, म्हणजे रूपेशचं बरोबर होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या वेळी त्याने दुसरा हात तोंडावर धरला. फहाद एका खांबावर चढला. अफशाँने तल्हाला बरं केलं आणि करता करता म्हणाली, "मुँह खोलिए, डॉक्टर साहब, दर्द नहीं होगा." फहाद एवढा हसला की त्याचा फासा सोफ्याखाली गेला. तल्हा दरवाजात पाय रोवून उभा राहिला आणि एकामागून एक तिघांना त्याने अडवलं. प्रत्येक फाशाला रूपेशचे डोळे मोठे होत होते, कपावरची बोटं पांढरी पडली होती. मग विभावरी म्हणाली, "मंत्र पूर्ण." रूपेशने हात उचलला आणि जवळजवळ ओरडलाच, "दार बंद!" तल्हा खुर्चीवरून उठून त्याच्या गळ्यात पडला. मंत्र पुरा होईपर्यंत तो दरवाजा तल्हाने राखला होता.

सगळे गेल्यावर रूपेश टेबलावरचे फासे गोळा करत म्हणाला, "ही अफशाँ एवढी विनोदी आहे? दीड वर्षात कधी बोलली नाही."

"बोलायची," विभावरी म्हणाली.

ती मोहीम रमझानच्या आधी संपली. ईदनंतर नवी सुरू करायची आणि सगळ्यांनी नवी पात्रं घ्यायची असं ठरलं. विभावरीने सगळ्यांना विचारलं. तल्हा म्हणाला, जादूगार. अफशाँ म्हणाली, जादूगार. फहाद जरा लाजत म्हणाला की तोही विचार करत होता, मुहंदिसच व्हावं. एवढं सगळं करून तीन जादूगार जन्माला आले. रूपेश एकटा योद्धा झाला, कारण तलवार चालवताना तोंड उघडं ठेवता येतं.

पहिला शुक्रवार त्याला आवडला. दुसऱ्या शुक्रवारी त्याने एका टोळीवर चाल करून जायचा सविस्तर बेत आखला. कोण कुठून जाणार, इशारा काय, पळायची वाट कुठली. तो अजून सांगत असतानाच तिघांनी तीन कपांवर हात ठेवले आणि अत्यंत शांतपणे, कुणीही एक शब्द न बोलता, ती टोळी जाळून टाकली.

त्या संध्याकाळी विभावरी भांडी घासत असताना तो नॅपकिन घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"विभा," तो गंभीरपणे म्हणाला, "या जादूगारांचं काहीतरी करायला पाहिजे गं. योद्ध्याला काही कामच उरत नाही."

"तू सादरीकरण कर," विभावरी म्हणाली आणि त्याच्या हातात ओली कढई दिली.

त्याने ते केलं. त्यात आलेख होते. या वेळी कुणीच प्रश्न विचारले नाहीत, कारण तिघांचे हात कपांवर होते.